चौदा सूचना

नदीचे पात्र त्या वर्षी थंडी सरता सरताच आक्रसले. पंपघराखालच्या डोहात रोवलेल्या पट्टीवर पाणी रोज दोन बोटे उतरत होते, आणि ते उतरणे सकाळी वाचून वहीत मांडणारा माणूस एकच होता. समोर त्याला सगळे अण्णा म्हणत, पाठीमागे ‘डिप्लोमा’. तंत्रनिकेतनातून यंत्रशाखेची पदविका घेतलेला तो वस्तीतला पहिला. कारखान्याच्या देखभाल विभागात तेहेतीस वर्षे काढून अण्णा परतले, तेव्हा सेहेचाळीस घरांनी मिळून नदीवर बसवलेल्या पंपाची व्यवस्था त्यांच्याकडे आपसूक आली. ती त्यांनी घेतली ती कारखान्यातल्यासारखीच घेतली. पंपाजवळ खिळ्याला वही, वहीला दोऱ्याने पेन्सिल, आणि भिंतीवर ठळक अक्षरांत तीन ओळी: आधी वाचा. क्रमाने करा. केलेले लिहा.

मुख्य नळावर अकरा झडपा होत्या. वीज सकाळी सहा ते दुपारी दोन एवढीच असे, आणि उतरत्या पाण्यात एका दिवशी एकच झडप उघडणे परवडे. पाळी चुकली की पुढचे पाणी अकरा दिवसांनी. म्हणून पहाटे पाच वाजता अण्णांचा संदेश सेहेचाळीस फोनांवर जाई: झडप क्रमांक, वेळ, पाण्याची पातळी. पाच म्हणजे पाच. कोणी त्यावर घड्याळ लावी, कोणी चूल पेटवी. संदेशाशेजारी अण्णांचे छोटे छायाचित्र असे, पंपावर हात ठेवून उभे असलेले.

झडपा उघडण्याचे काम एका भूमिहीन माणसाकडे होते. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो सायकलवरून फिरे, म्हणून त्याचेही नाव चावीच पडले होते. त्याला अक्षरे येत नसत, आकडे येत. त्याच्या बटणांच्या फोनवर अण्णा फक्त आकडा पाठवीत. सात आले की सात. बारा वर्षांत त्याने एकदाही चुकीची झडप उघडली नव्हती.

मंगळवारी सकाळी अण्णा पंपाची पॅकिंग बदलत होते. दांड्याभोवतीची जुनी दोरी आकड्याने उकरून काढायची, ग्रीस लावलेली नवी कापून बसवायची. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. त्यांनी काम पुरे केले, साबणाने हात धुतले, चष्मा लावला आणि मग संदेश वाचला. संशयास्पद हालचालींमुळे आपला क्रमांक आज दुपारी दोननंतर बंद होईल. चालू ठेवण्यासाठी खालील क्रमांकावर त्वरित संपर्क साधा.

क्रमांक बंद म्हणजे उद्याची पाळी बंद. अण्णांनी वही गुडघ्यावर घेतली, नवे पान काढले, तारीख घातली आणि फोन लावला.

पलीकडचा आवाज तरुण होता, मृदू होता. प्रत्येक वाक्याला तो सर म्हणत होता. त्याने सांगितले की काही सूचना क्रमाने पाळायच्या आहेत. अण्णांनी त्याला थांबवले. म्हणाले, एक एक सांगा, मी लिहून घेतो. आणि ते लिहीत गेले. सूचना एक, दोन, तीन. हे उघडा, ते दाबा, याला होकार द्या. दहाव्या सूचनेनंतर फोनवर सहा आकडी संकेतांक आला. तो कोणालाही सांगू नका असे त्याखाली लिहिले होते. अण्णांनी ते वाचले आणि शंका विचारलीही. आवाज हसला. ते बाहेरच्यांसाठी आहे, सर, आम्ही खात्यातलेच. अण्णांनी संकेतांक तीन-तीन आकड्यांचे गट पाडून वाचला, आणि नीट ऐकू आला का म्हणून पुन्हा वाचला.

“सर, तुमच्यासारखं नीट ऐकणारं माणूस दिवसातून एखादंच भेटतं,” आवाज म्हणाला.

अण्णांना बरे वाटले. निवृत्तीनंतर असे कोणी बोलले नव्हते. मुलगा मालवाहू गाडीवर, महिन्यातून एकदा घरी, सून कामात, वस्तीला पाणी वेळेवर आले तर कोणी काही बोलत नसे, पाच मिनिटे उशीर झाला तर मात्र बोलत. ती शाबासकीही त्यांनी बाराव्या क्रमांकाला नोंदवली. चौदा पुऱ्या झाल्यावर खाली रेघ ओढून सही ठोकली.

दुपारी चारला ते पातळी कळवण्यासाठी संदेशांचे पान उघडायला गेले, तर ते उघडेना. आपले खाते दुसऱ्या फोनवर चालू आहे, एवढेच वाक्य तिथे होते. अण्णांनी ते उभ्याने वाचले, मग बाजेवर बसून वाचले. मघाचा क्रमांक लावला, तो लागेना. त्यांनी घरी आणलेली वही उघडली आणि स्वतःच्याच अक्षरातल्या त्या चौदा ओळी वरपासून वाचल्या. दोष शोधावा लागला नाही. चौथ्या ओळीपासून तो सरळ दिसत होता.

सेहेचाळीस क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर होते. पहिला लावून, ‘माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका’ एवढेच सांगायचे होते. अण्णांनी पहिला क्रमांक लावला. पलीकडे घंटी वाजण्याआधीच तोडला. काय झालं, असे तो विचारील; मग काय सांगायचे? याच माणसाच्या मुलाला त्यांनी गेल्या वर्षी सर्वांसमोर सुनावले होते. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून बटणं दाबायला तू काय माकड आहेस का, असे. ते वाक्य आता त्यांच्या कानात त्यांच्याच आवाजात वाजले.

त्यांनी फोन बंद केला, फडक्यात गुंडाळला आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवला. फोन बंद झाला की चोरही बंद होईल, असे पदविकाधारक माणसाने मानू नये. पण त्या संध्याकाळी त्यांनी ते मानले. सुनेने जेवताना विचारले, बाबा, बरं वाटत नाही का? ते म्हणाले, पॅकिंग बदलताना पाठ धरली.

बुधवारी पहाटे पाचला ते चावीच्या दारात उभे होते. चावी तोंड धूत होता. अण्णा आपल्या दारात बारा वर्षांत कधी आलेले नाहीत हे त्याच्या लक्षात आले असावे, कारण तो तसाच ओल्या तोंडाने पुढे आला. अण्णांनी त्याला चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर चार लिहिले होते.

“फोन बिघडलाय,” अण्णा म्हणाले. “आज चार.”

“बाकीच्यांना कसं कळणार?”

“पाळी सगळ्यांना पाठ आहे.”

चावीने चिठ्ठी खिशात घातली. अण्णा घरी येऊन पडले. त्यांचा फोन खणात बंद होता, म्हणून पाच वाजून वीस मिनिटांनी सेहेचाळीस फोनांवर काय गेले ते त्यांना कळले नाही. आदल्या संध्याकाळी दोघातिघांनी नेहमीसारखे विचारले होते, अण्णा, उद्या चारच ना? ते कोणी दुसऱ्यानेच वाचले होते आणि तेवढ्यावरून त्याला सगळा व्यवहार उमगला होता. संदेश असा होता: पाळी बदलली आहे, नवी यादी खालील दुव्यावर पाहा. शेजारी अण्णांचे पंपावर हात ठेवलेले छायाचित्र.

साडेनऊच्या सुमाराला पंपघराकडून आरडाओरडा ऐकू आला. अण्णा पायात चपला अडकवून गेले. पंधरा-वीस माणसे जमली होती. मधे चावी उभा होता आणि त्याच्यासमोर वहिनी.

वहिनी म्हणजे अण्णांच्या चुलत भावाची बायको. भाऊ गेल्यापासून तिने जाळीच्या सावलीत रोपवाटिका चालवली होती. ट्रेमध्ये भाजीची रोपे वाढवून ती चार वस्त्यांना पुरवी. सून रोज सकाळी तिच्याकडे कामाला जाई. वहिनीचा हौद चौथ्या झडपेवर भरे, आणि तो काल संध्याकाळीच तळाला गेला होता. बोटभर वाढलेली रोपे होती. उन्हाचा एक दिवस कोरडा गेला की माना टाकणारी.

झाले होते ते एवढेच. यादी बदलली असे वाचून चौथ्या झडपेवरचे सकाळी सहाला कोणी फिरकले नाही. सातव्या झडपेवरचे तिघे मात्र पंपावर हजर झाले. त्यांनी दुवा उघडला होता; आत यादी नव्हती, काहीतरी क्रमांक मागत होते, तो त्यांनी भरला आणि मग कंटाळून पाळी आपलीच असेल असे ठरवून टाकले. चावीने खिशातली चिठ्ठी काढली. त्यांनी फोनचा पडदा त्याच्या नाकासमोर धरला. हे बघ, अण्णांचा फोटो. अण्णांचा मेसेज. चिठ्ठी आधीची, हा नंतरचा. चावीला अक्षरे येत नव्हती. अण्णांचा चेहरा ओळखता येत होता. त्याने सात उघडली.

“चिठ्ठीवर चार आहे,” वहिनी म्हणत होती. आवाज चढलेला नव्हता; हातातली चिठ्ठी तिने सगळ्यांना दिसेल अशी धरली होती. “तुझ्याच खिशातून निघाली. मग सात का उघडलीस? काय मिळालं तुला त्यांच्याकडून?”

“काही नाही मिळालं, वहिनीबाई. शपथ घेतो.”

कोणीतरी मागून म्हणाले की चावीची सायकल नवी दिसते हल्ली. दोघे हसले. सायकल जुनीच होती. त्याने तिला रंग दिला होता.

चावीला अण्णा दिसले. त्याचा चेहरा एकदम सैल पडला, तहानलेल्याला नळ दिसावा तसा.

“अण्णा आले. आता विचारा. अण्णा, तुम्ही मेसेज केला होता का नाही? यादी बदलली म्हणून?”

सगळे वळले. अण्णांच्या मागे पंप चालत होता. काल बसवलेली पॅकिंग ठेक्यात थेंब गाळत होती, मिनिटाला जितके गळायला हवेत तितकेच. चावी कोणत्या मेसेजबद्दल बोलतो आहे ते अण्णांना त्या क्षणी कळले. फोन बंद करून काहीच बंद झालेले नव्हते.

“मी चिठ्ठी दिली होती,” ते म्हणाले.

वाक्य खरे होते. कुठल्याही चौकशीत टिकले असते. चावी त्यांच्याकडे बघत राहिला, पुढचे वाक्य येईल म्हणून. ते आले नाही. अण्णांची नजर त्याच्या पायांकडे गेली. चिखलाने भरलेले ते पाय, अंगठ्याचे नख काळे पडलेले. मग सातवाल्यांपैकी थोरल्याने चावीच्या खांद्यावरून लोखंडी चावी उचलून घेतली आणि पंपघराच्या भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाला, संध्याकाळी बसू आणि दुसरा माणूस बघू. चावीचा खांदा वर्षानुवर्षांच्या ओझ्याने एका बाजूला उतरला होता. ओझे गेले तरी तो तसाच वाकडा राहिला. सायकल हातात धरून तो चालत गेला. चढून बसला नाही.

दुपारी सून कामावरून आली. तिच्या हातांना ट्रेमधली कोरडी माती लागली होती. तिने सांगितले ते थोडक्यात सांगितले. अर्ध्या रोपांनी माना टाकल्या. पिण्याच्या माठातले पाणी झारीने घातले, ते किती पुरणार? शिवाय वहिनीनेही तो दुवा उघडला. आता तिचे खाते जागेवर नाही. कोणाला कोणती रोपे कुठल्या दिवशी द्यायची, सगळे त्यात होते. आणि तिच्या नावाने गिऱ्हाइकांना आगाऊ पैसे मागणारे संदेश चाललेत. एकाने पाठवलेही.

सून पातळीची वही चाळू लागली. चारची पुढची पाळी कधी ते बघायला. पान उलटता उलटता ती थांबली. अण्णांना ती कुठे थांबली ते कळले. ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत बसले.

तिने सगळे वाचले, सावकाश. चौदाव्या ओळीखालची सही बघितली. रागावेल असे त्यांना वाटले होते. ती रागावली असती तर त्यांना बोलता आले असते.

“बाबा,” ती म्हणाली, “अजून किती जणांनी उघडायचं बाकी आहे?”

अण्णांनी चष्मा काढून हातात घेतला.

“सकाळपासून नऊ जणांचं गेलंय, मला माहीत आहेत तेवढे. बाकीच्यांना तुमचा फोटो दिसतोय अजून. फोटो बघून उघडतायत ते.” तिने वही मिटली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. “आणि चावीच्या घरी आज चूल पेटलेली दिसली नाही मला.”

चारला पंपघरासमोर माणसे जमली. वहिनी एका बाजूला दगडावर बसली होती. चावी आला नव्हता. दुसरा माणूस कोण यावर बोलणे चालले होते, तेवढ्यात अण्णा पुढे झाले. त्यांनी चष्मा लावला, वही उघडली आणि कारखान्यात पाळी सोपवताना वाचत तशी तारीख वाचली, वेळ वाचली.

“सूचना एक,” ते म्हणाले.

पहिल्या दोन ओळी कोणाला समजल्या नाहीत. तिसरीला कुजबुज सुरू झाली. अण्णा वाचत गेले. एकही ओळ गाळली नाही, एकही सौम्य केली नाही. काय उघडले, काय दाबले, कशाला होकार दिला. “सूचना अकरा. संकेतांक दोनदा वाचून दाखवला. सूचना बारा.” ते थांबले. मागून कोणीतरी म्हणाले, वाचा की. “सूचना बारा. प्रतिनिधीने समाधान व्यक्त केले.”

एक जण फिस्सकन हसला. मग चारपाच हसले.

“म्हणजे शाबासकीही घेतली,” सातवाला थोरला म्हणाला. “अण्णा, चोराला चहा नाही का पाजला?”

“फोनवरून पाजता आला असता तर तोही पाजला असता,” दुसरा म्हणाला, आणि हशा मोठा झाला.

अण्णा हशा संपेपर्यंत उभे राहिले. कान तापले होते. मग त्यांनी तेरा वाचली, चौदा वाचली, सही वाचली.

“काल चार वाजता मला कळलं होतं,” ते म्हणाले. “तेव्हाच सांगितलं असतं तर यातलं काही झालं नसतं. लाज वाटली म्हणून गप्प बसलो. सकाळी चावीने मला विचारलं, तेव्हाही गप्प बसलो. त्याने कोणाचे पैसे खाल्लेले नाहीत. त्याने माझा चेहरा बघून झडप उघडली.”

आता कोणी हसले नाही. सून पुढे आली आणि म्हणाली की ज्यांनी ज्यांनी दुवा उघडला त्यांनी हात वर करा, खाते परत मिळवायचे आणि तक्रार नोंदवायची तर वेळ फार थोडा आहे. कोणीच हात वर करीना. वहिनीने केला. मग हळूहळू इतरांचे वर आले. नऊ, अकरा, तेरा. सगळ्यांत शेवटी, कान खाजवल्यासारखा, सातवाल्या थोरल्याचा आला.

सून पंपाच्या चौथऱ्यावर बसली आणि एकेकाचा फोन घेऊ लागली. गुरुवारी पुन्हा चार उघडायची असे ठरले. सातवाल्यांनी त्याला विरोध केला नाही.

अण्णा वहिनीजवळ गेले. काय बोलायचे ते चालताना मनात मांडून ठेवले होते.

“भाऊजी,” वहिनी म्हणाली, “तुमचा फोटो होता म्हणून उघडलं मी. हे गेले तेव्हापासून दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर मी काही उघडत नाही.” ती उठली. “झारी आहे का घरी? माझ्याकडे एकच आहे. उरलेली अंधार पडायच्या आत भिजवायची आहेत.”

अण्णांनी झारी नेली. पंपघराच्या टाक्यातून बादल्या वाहिल्या आणि ती सांगेल त्या ओळीने रोपे भिजवली. झारी उंच धरली की माती उडते, खाली धरा, असे तिने दोनदा सांगितले. आडव्या झालेल्या रोपांवर पाणी घालायला ते वळले, तर ती म्हणाली, त्यांना राहू द्या, ती गेली.

तिथून ते पंपघराकडे गेले. लोखंडी चावी भिंतीला तशीच टेकलेली होती. बारा वर्षांत त्यांनी तिचे वजन हातात घेतले नव्हते. रेखाटन त्यांनी स्वतः करून दिले होते, वजनाचा हिशोबही केला होता. खांद्यावर घेतल्यावर ती त्या हिशोबापेक्षा जड निघाली. दोन ठिकाणी टेकवून, श्वास घेऊन, ते चावीच्या दारापर्यंत पोहोचले. दिवस मावळत होता. चावी अंगणात सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याने वर बघितले आणि पुन्हा पाण्यात बघू लागला. बायको दारात आली, पाहुण्याला बसायला द्यावे की नाही ते तिला कळेना.

पंपघरासमोर काय झाले ते त्याच्यापर्यंत आले होते. अण्णांनी तरीही सगळे पुन्हा सांगितले. त्याने ऐकून घेतले. एक बुडबुडा सापडला, तिथे त्याने अंगठा दाबून धरला.

“उद्या चार,” अण्णा शेवटी म्हणाले. “फोन चार दिवसांत ठीक होईल. मग आकडा पाठवीन.”

“आकडा पाठवू नका,” चावी म्हणाला.

“मग?”

“इथे या. तोंडाने सांगा. तुमचं तोंड बघून झडप उघडीन.”

अण्णांनी मान हलवली. लोखंडी चावी ते भिंतीला टेकवायला गेले तर ती घसरू लागली. त्याने डाव्या हाताने ती सहज धरली आणि जागेवर लावली. उजवा अंगठा ट्यूबवर तसाच होता.

फोन चार दिवसांत ठीक झाला. वहिनीचे खाते आठवड्याने परत आले. गिऱ्हाइके निम्मी आली. पहाटे पाचला संदेश पुन्हा जाऊ लागला, पण आता त्याखाली कोणी ना कोणी विचारी, अण्णा, तुम्हीच ना? अण्णा रोज उत्तर देत, मीच.

तो संदेश टाकून ते निघत. थंडी असो वा पाय दुखो, चावीच्या दारात उभे राहून आकडा सांगत. चावी लगेच हालत नसे. कंदील थोडा वर धरी आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघे, आकडा ऐकायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. अण्णा नजर खाली न घेता उभे राहत. मग तो चावी खांद्यावर घेई.